मनगट पिळू नका, अंगठा आधी सुटू द्या
टेनपिन बोलिंगमध्ये, म्हणजे लेनवर जड बॉल घरंगळत सोडून टोकाच्या पिना पाडायच्या खेळात, बॉल वळवायला मनगट जोरात फिरवा, असं कुणीतरी सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. मी बरेच महिने तेच केलं आणि शेवटी कोपर धरून बसलो. वळण येतं बोटांमुळे. हात घोट्याजवळून पुढे जाताना अंगठा आधी सुटतो. मधलं बोट आणि अनामिका क्षणभर मागे राहून बॉलला फिरकी देतात. हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा तळवा ठेवा, बस. अंगठा अडकतोय? मग आधी बॉलमधलं अंगठ्याचं भोक तपासा, फार घट्ट किंवा फार सैल असेल तर बॉल नीट सुटतच नाही. आणि नजर ६० फुटांवरच्या पिनांवर नको, फाउल लाइनपुढे (बॉल सोडताना जी रेषा ओलांडायची नसते ती) साधारण १५ फुटांवर लेनवर जे बाण काढलेले असतात त्यांवर ठेवा. बॉल भाड्याचा वापरताय की स्वतःचा?