मदत हवी आहे: अकरा एकांच्या संख्येचे अवयव हाताने कसे पाडायचे?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात चादरींच्या दुकानात हिशेब लिहितो, गणिताशी संबंध तेवढाच. सुट्टीला आलेली भाची यंदा नववीत जाणार. इथल्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून ती देवळालीच्या कापरेकर गुरुजींच्या डेमलो संख्या मांडत बसली: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. त्यावरून गाडी नुसत्या एकांच्या संख्यांवर आली. मग पैज. "मामा, अकरा एकांचे मूळ अवयव पाडून दाखव, मोबाइल न बघता!"

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर बारा आकडे मावतात, त्यामुळे ही संख्या बसते तरी. ३, ७, १३ करत पाचशेच्या पुढे गेलो आणि हात टेकले. शेवटी चोरून बघितलंच.

११,११,११,११,१११ = २१६४९ × ५१३२३९

म्हणजे मी अजून गावाच्या वेशीवरच होतो की!

पण बघता बघता एक गंमत दिसली. दोन्ही अवयवांतून १ वजा केला की उरलेल्याला ११ ने भाग जातो. पाच एकांची संख्या ४१ × २७१, तिथे ४० आणि २७० ला ५ ने. सात एकांची २३९ × ४६४९, तिथे २३८ आणि ४६४८ ला ७ ने. तेरा एकांचे अवयव ५३, ७९ आणि २६५३७१६५३, तिथेही तेच. हे आधी माहीत असतं तर (सम संख्या सोडून) २३, ४५, ६७, ८९ अशी बावीस-बावीसची रांगच तपासली असती, आणि २१६४९ त्या रांगेत ९८४ वा आहे. त्यातल्या मूळ नसलेल्या संख्या गाळल्या की काम आणखी हलकं.

पण १११ = ३ × ३७. इथे ३६ ला ३ ने भाग जातो, २ ला नाही. भाचीने नेमकं इथेच पकडलं.

माझी मजल इथवर: अवयव प असेल, तर १० च्या ११ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १. फर्माच्या नियमाने १० च्या (प − १) व्या घातालाही बाकी १. या दोन्हींवरून ११ ने (प − १) ला भाग जायलाच हवा, हे कसं म्हणायचं? ३ च्या बाबतीत १० च्या पहिल्याच घाताला बाकी १ येते, घोटाळा त्यातच असावा असं वाटतं, पण नीट मांडता येत नाही.

नववीच्या मुलीला पटेल असं कुणी समजावेल का? आणि सतरा एकांच्या संख्येत सगळ्यात लहान अवयवच २०७१७२३ आहे. चौतीस-चौतीसच्या रांगेतही तो ६०,९३३ वा येतो. रांग आणखी गाळायची एखादी चाळण आहे का? भाची रविवारी परत जाणार आहे.