‘बायकांना माहितीच नाही’ म्हणे!

घाटपायथा :
काल इथे ‘जनजागर’ यांनी लिहिलं : "सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर बायकांना कुटुंबनियोजनाची माहितीच नाही. वाड्यावाड्यावर मेळावे घ्या. बायांनो, लाजू नका, आपल्या आशाताईला भेटा आणि तांबी बसवून घ्या." खाली टाळ्यांचा पाऊस.

आधी आशाताईचं बघू. कुठली आशाताई? देशभर आशा आहेत, गोव्यात ती योजना राबवलीच नाही. इथे उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे नर्स, आणि अंगणवाडीची बाई, संपलं. सिंधुदुर्गातला मजकूर उचलून वर सत्तरीचं नाव डकवलं की असं होतं.

आता ‘माहिती’. गोळी, इंजेक्शन, कॉपर टी, निरोध, ऑपरेशन ही नावं नेत्रावळीच्या टोकाच्या वाड्यावरची बाईसुद्धा घडाघडा सांगेल. अडतं ते नावाच्या पुढे. ‘अंतरा’ या तीन महिन्यांच्या इंजेक्शनाचंच घ्या. 150 मिलिग्रॅम, 1 मिलिलिटर, दंडात किंवा कुल्ल्यात. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळलं की औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. पहिले तीन ते सहा महिने रक्ताचा नेम नसतो, कधी आठ-दहा दिवस नुसतं थेंब थेंब. पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबतेच. हे आधी कोणी बोललं नाही, तर बाई काय समजणार? रक्त आत साठतंय, डोक्यात चढेल. घरातली म्हातारी तेच सांगते. दुसऱ्या डोसला ती येत नाही, आणि आपण वहीत लिहितो ‘अज्ञान’. अहो, अस्तर वाढतच नाही तर बाहेर पडणार काय? एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. मेळाव्यात दीप उजळण्यात त्याहून जास्त जातं.

हिशेबी :
भावना पोचल्या. आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला गोव्यात कुठलंही साधन वापरणारी जोडपी 26 टक्के होती, 2019-21 ला 68. प्रजनन दर 1.7 वरून 1.3 वर आला. देशाचा तेव्हा 2.0 होता. मुलं जास्त होण्याचा प्रश्नच जिथे उरला नाही, तिथे हा चर्चेचा धागा कशाला?

घाटपायथा :
चार वर्षांत 26 चे 68! दोन पाहण्यांच्या मधे एवढी उडी दिसली तर हिशेबी माणसाने आधी पहिला आकडा तपासावा की पेढे वाटावेत? आणि तो आकडा राज्याचा, फार तर जिल्ह्याचा. पणजीजवळचं ताळगाव आणि सत्तरीतलं सुर्ला एकाच टोपलीत घालून सरासरी काढलीत तर सुर्ल्याची बाई त्यात दिसणार कुठून?

शिवाय 1.3 म्हणजे मुलं थांबली. दोन मुलांत अंतर राहिलं का, हे त्यातून कळत नाही. एक मूल दीड वर्षाचं आणि दुसरं पोटात, मग ऑपरेशन. आकडा छान, बाईचं रक्त मात्र 8 वर.

जनजागर :
आशांबाबत चूक झाली, दुरुस्त करतो. पण हेतू चांगला होता. ‘तांबी’ या शब्दाला तरी हरकत नाही ना? शुद्ध मराठी शब्द आहे.

मोगरा :
शुद्ध आहे, पण गोव्यात कळत नाही. इथे कोंकणी बोलणारी बाई ‘कॉपर टी’ म्हणते, सासू ‘लूप’ म्हणते. तांबी म्हटलं की तिला तांब्याची धाकटी बहीण वाटते.

कुळागर :
आलं का पुन्हा तेच! गोव्यातल्या बायकांना मराठी कळत नाही हे कोणी ठरवलं? कीर्तन कळतं, जत्रेतलं नाटक रात्रभर कळतं, वर्तमानपत्र कळतं, फक्त आरोग्याचा कागद आला की कोंकणी हवी? 1987 च्या राजभाषा कायद्यातही मराठीच्या वापराला जागा आहे.

मोगरा :
कळतं म्हणून कोणी भांडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी कॉपर टीचा धागा हाताला लागतो का ते बघ, हे तुम्ही कीर्तनाच्या मराठीत सांगून दाखवा.

कुळागर :
तुम्ही कोंकणीत सांगा आणि छापा देवनागरीत. मग रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे रोमीवाले येतील, आमची लिपी कुठे म्हणून. तो कागद छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत बाईला तिसरं मूल होईल.

हिशेबी :
आज प्रथमच कुळागरांशी सहमत. नोंद घ्यावी.

रेतीवाट :
मराठी-कोंकणी संपली असेल तर कन्नडचं बोलू? वेर्णा आणि कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतींभोवती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायका कर्नाटकातल्या, ओडिशातल्या, झारखंडातल्या. त्यांना तांबी नाही आणि लूपही नाही. पहिलं इंजेक्शन इथे, दुसऱ्याच्या वेळी काम संपलं म्हणून गावी. कार्ड खोलीतच राहतं, आणि तिथली नर्स विचारते, आधीचं कधी घेतलंस? तुमच्या भाषावादात ही बाई कुठे बसते?

कुळागर :
विषय सत्तरी-सांग्याचा चालला होता. तुम्ही वेर्ण्याला नेलात.

रेतीवाट :
आणि तुम्ही 1987 ला नेलात.

मोगरा :
कुळागरबाब, ‘लूप’ शब्दावर हसू नका, भीती तिथूनच आली आहे. 1965 साली देशभर प्लास्टिकचा लिपीज लूप आला. मोहिमेच्या घाईत बसवला, रक्तस्राव झाला तेव्हा कोणी विचारलं नाही. साधन गेलं, शब्द राहिला आणि शब्दाबरोबर भीती राहिली. आजची कॉपर टी 380 ए म्हणजे 36 मिलिमीटर लांब, 32 रुंद, काडेपेटीतल्या काडीहून आखूड. 10 वर्षं चालते. 375 असेल तर 5. ‘ती वर चढते, काळजाला टोचते’ म्हणणाऱ्या बाईला हसून घालवायचं नसतं. पिशवीचं चित्र दाखवायचं : वरून बंद, आणि काळजाकडे जाणारी वाटच नाही. आणि हेही सांगायचं की बसवताना पिशवीला भोक पडणं हजारात एखादीला होतं, आणि पहिले तीन महिने पाळी जास्त जाते. लपवलंत की पुढची पाच घरं बंद. रक्त मुळात कमी असेल तर आधी गोळ्यांनी ते वर आणायचं.

बाळंतपणात, 48 तासांच्या आत बसवतात, त्याचा घोळ वेगळाच. त्या दिवसांत पिशवी मोठी असते, म्हणून कॉपर टी आपसूक निसटून पडण्याचं प्रमाण जास्त. म्हणून सहा आठवड्यांनी दाखवायला यावंच लागतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी. बसवली माहेरच्या तालुक्यात, सहा आठवड्यांनी बाई सासरी. तपासणार कोण? आणि संमती कळा सुरू झाल्यावर घ्यायची नसते, गरोदरपणीच्या तपासणीत घ्यायची असते. काही ठिकाणी बाईला घरी गेल्यावर कळतं की आत काहीतरी आहे. तिने मग काढायला धावू नये तर काय करावं?

जनजागर :
म्हणजे मेळाव्यांची गरज आहेच की! माझाच मुद्दा.

घाटपायथा :
नाही हो. ओपीडी सकाळची, आतल्या वाड्यावरची बस सकाळी एकदा, ती चुकली की दुपारपर्यंत रस्त्यावर. बाईचा रोज बुडतो, मूल कडेवर. तिला तीन महिन्यांनी त्याच दिवशी परत ये म्हणायचं असेल तर ज्ञान कशाला वाढवता, उपकेंद्रात इंजेक्शन ठेवा.

रेतीवाट :
सगळं बायकांवरच का? नवऱ्यांचं काय? 2019-21 च्या त्याच पाहणीत देशभरात बायकांची ऑपरेशनं 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. आणि 35 टक्के पुरुष म्हणतात, हे बायकांचं काम, पुरुषाने त्यात पडू नये.

कुळागर :
माडावर चढणाऱ्याला, टिपरवर बसणाऱ्याला ऑपरेशन करा म्हणणं सोपं आहे. त्याची ताकद गेली तर घर कोण चालवणार?

मोगरा :
ताकद कुठे जाते ते सांगा बरं. बिनटाक्याची नसबंदी : जागा बधिर करून एक छोटं छिद्र, दोन्ही बाजूंची नळी त्यातून बाहेर काढून बांधतात आणि कापतात, पंधरा-वीस मिनिटं. 48 तास विश्रांती, सायकल आणि जड काम आठवडाभर बंद. त्या आठवड्यात माडावर चढू नये, बस. बाईचं ऑपरेशन पोट उघडून, तरी ती दोन आठवड्यांत विहिरीचं पाणी ओढते. तिची ताकद कोणी मोजली?

फसतं ते दुसरीकडेच. नळीत वर राहिलेले शुक्राणू संपायला वेळ लागतो. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. हे सांगितलं जात नाही, दोन महिन्यांनी बायकोला दिवस जातात, आणि वाडाभर चर्चा तिच्या चारित्र्याची. त्या वाड्यावर पुढे एकही पुरुष ऑपरेशनला येणार नाही. दोष नळीचा नाही, न सांगितलेल्या वाक्याचा आहे.

कुळागर :
बरं. तीन महिन्यांचं मला माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

रेतीवाट :
आणखी एक. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही मागतात. केंद्र सरकारच्या नियमांत जोडीदाराची संमती लागत नाही, तिची स्वतःची पुरते. गर्भपातालाही 18 वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती पुरते, कायदा 1971 चा आहे. पण ‘सही आणा’ म्हटलं की ती परत जाते आणि नोंद होते, ‘इच्छुक नाही’.

हिशेबी :
सही मागणं चूक, हे मान्य. पण तुम्हा लोकांना साधी गोळी का दिसत नाही? छाया आहे. हार्मोन नाही, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, आठवड्याला एक. बसची कटकट नको, टोचणं नको. गोव्यात तर सोपं, सोमवार-गुरुवार शिवराक. मासे नाहीत त्या दिवशी गोळी. विसरणार कोण?

मोगरा :
कल्पना गोड आहे. पण आठवड्याला एक ही नंतरची गोष्ट. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा. आणि वार आपण निवडत नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, तो वार ठरला. दुसरी त्यानंतर तिसऱ्या दिवशी. रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार, मंगळवारी तर मंगळवार-शुक्रवार. पाळी सोमवारी आली तरच तुमचा शिवराक जमतो. तीन महिन्यांनंतर फक्त पहिला वार राहतो.

घोळ नेमका तिथे. पाकिटात 8 गोळ्या. सुरुवातीला ते चार आठवड्यांत संपतं, नंतर आठ आठवडे पुरतं. बाईच्या हातात पाकीट देऊन ‘आठवड्यातून दोनदा’ एवढंच बोललं, तर ती वर्षभर दोनदाच घेते. ‘एकदा’ एवढंच बोललं, तर पहिल्या दिवसापासून एकदाच घेते आणि दिवस जातात. भिंतीवरच्या कालनिर्णयात तीन महिन्यांचे दोन्ही वार पेनाने गोल करून दिले की झालं. गोळी राहिली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची, पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने दोनदा. पाळी लांबते काही जणींची. पंधरा दिवसांवर गेली तर तपासणी. अंगावर पाजणारीला चालते. पीसीओडी किंवा लिव्हरचा त्रास असेल तिला द्यायची नाही.

हिशेबी :
म्हणजे सोमवारच्या पाळीपुरता तरी माझा मुद्दा बरोबर.

मोगरा :
सातातला एक वार तुमचा. घ्या.

जनजागर :
मग ‘अंतरा’ इंजेक्शनासाठी सण धरा ना. शिगमो, मृग, चवथ, दत्तजयंती. तीन-तीन महिन्यांवर येतात, बायका सण विसरत नाहीत.

घाटपायथा :
काल मेळावे मागत होतात, आज पहिल्यांदा कामाचं बोललात. पण अधिक मास आला की चवथ सप्टेंबरच्या मध्यावर सरकते, आणि मृग आपला 7-8 जूनलाच. उशिराची सवलत चारच आठवड्यांची, ती सणाच्या धांदलीत संपते. सण तोंडी सांगा, तारीख कार्डावर लिहा. 5 ऑगस्टला घेतलं तर 13 आठवडे भरतात 4 नोव्हेंबरला. 21 ऑक्टोबरपासून चालेल, 2 डिसेंबरच्या पुढे नाही. त्यानंतर आली तर आधी गरोदर नाही याची खात्री करायची. तिन्ही तारखा लिहा. आणि शेवटच्या इंजेक्शननंतर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही त्याच कार्डावर. नाहीतर ‘इंजेक्शनाने वांझ झाली’ म्हणायला शेजारीण बसलीच आहे.

जनजागर :
‘माहितीच नाही’ हे वाक्य खोडतो. ‘पूर्ण माहिती दिली जात नाही’ असं करतो. मेळाव्याचं तसंच ठेवतोय.

कुळागर :
आणि ‘तांबी’?

जनजागर :
तांबी अथवा कॉपर टी.

मोगरा :
‘अथवा’! उपकेंद्राच्या दारात कोण म्हणतं हो ‘अथवा’?