लॅपटॉपची बॅटरी ० टक्क्यांवर अडली आहे, मधली जोडी उतरलीय. वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मुलीचा लॅपटॉप आठ महिने कपाटात पडून होता. आता प्रोजेक्टसाठी तिला तो लागतोय. चार्जर लावला की मशीन छान चालतं, पण बॅटरी ‘० टक्के, प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’च्या पुढे सरकत नाही. पिन काढली की स्क्रीन काळी. आमच्याकडे लाईट दिवसातून दोन-तीनदा जाते आणि दर वेळी पोरीचं केलेलं काम जातं.

बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीची नोंद उडवून मशीन पुन्हा चालू केलं. फरक शून्य. मग मित्राकडून त्याच मॉडेलची बॅटरी आणून घातली, ती लगेच चार्ज व्हायला लागली. म्हणजे दोष बॅटरीच्या पॅकमध्येच.

पॅकवर १०.८ व्होल्ट, ४४०० एमएएच लिहिलंय. काल जुन्या प्लास्टिक कार्डाने त्याची शिवण उकलली. आत १८६५० आकाराचे सहा गोल सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या. मल्टीमीटरवर कडेच्या जोड्या ३.४१ आणि ३.४३ व्होल्ट, मधली फक्त १.२. बाहेरच्या टोकांवर काहीच नाही. मधल्या जोडीतल्या एका सेलच्या टोपीभोवती चिकट ओल आहे आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतोय.

त्या जोडीला बाहेरून हळूहळू करंट देऊन ३ व्होल्टपर्यंत आणू, की तेवढे दोनच सेल नवे घालू?

प्रतिसाद १

दादा, दोन्ही करू नका, कळकळीने सांगतो. तो वास सेलमधल्या द्रवाचा, इलेक्ट्रोलाइटचा आहे, सेल गळलाय. पॅक आधी घराबाहेर काढा, हात धुवा, परत वास घेऊ नका.

सेल इतका खोल उतरून पडून राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं. चार्ज करायला गेलात की तेच तांबं नको तिथे साचतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. असा सेल आज चार्ज झालेला दिसेल आणि पंधरा दिवसांनी मुलीच्या मांडीवर पेट घेईल.

दोनच सेल बदलले तर नव्या-जुन्यांची क्षमता जुळत नाही, कमकुवत जोडी दर वेळी आधी उतरते. शिवाय बऱ्याच पॅकमधली चिप एवढा कमी व्होल्टेज दिसला की कायमचं कुलूप लावते. काहींमध्ये बोर्डावरचा फ्यूजही उडवते. मग सहाच्या सहा सेल नवे घातले तरी ते कुलूप उघडत नाही. तुमच्या टोकांवर शून्य येतंय ते बोर्डाने वाट बंद केल्यामुळेच.

टोकांना चिकटपट्टी लावा, पॅक वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत अजिबात टाकू नका. नवी बॅटरी घेताना आयएस १६०४६ (बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक बघा. तोवर लॅपटॉपचा चार्जर डेस्कटॉपच्या यूपीएसवर लावा, लाईट गेली तरी सेव्ह करण्यापुरता वेळ मिळेल.

धागाकर्ता

पॅक गच्चीवर वाळूत ठेवला. खूप आभार, मी आज रात्री सोल्डरिंग गन घेऊन बसणार होतो. एकच विचारतो, दुकानात ११.१ व्होल्टची मिळतेय. चालेल?

प्रतिसाद १

चालेल. दोन्हींत तीनच जोड्या ओळीने असतात, कुणी एका सेलचे ३.६ व्होल्ट धरतो, कुणी ३.७. फक्त १४.४ किंवा १४.८ ची घेऊ नका, आणि खाचा नीट जुळतात का ते आठवणीवर न सोडता जुन्या पॅकच्या मॉडेल नंबरावरून बघा.