मदत हवी आहे: पंप बदलला, पफ तेवढेच द्यायचे का?

लेक साडेचार वर्षांची, दमा आहे. धाप लागली की साल्ब्युटामॉलचे २ पफ, स्पेसरला (पंपाला जोडायची पोकळ नळी) मास्क लावून, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो पंप एका पफला १०० मायक्रोग्रॅमचा. काल हे मेडिकलमधून नवा घेऊन आले, तर त्यावर लेव्होसाल्ब्युटामॉल ५०! दुकानदार म्हणे, "एकच आहे हो." साल्ब्युटामॉलमधला खरं काम करणारा अर्धा भागच यात असतो, म्हणून आकडा अर्धा, इतपत कळलं. म्हणजे पफ दोनच ना, चार नाहीत? डॉक्टर सोमवारी भेटतील, त्यांना विचारणारच आहे. तोवर जुन्या पंपात थोडं औषध आहे, आणि धाप वाढलीच तर सरळ दवाखाना. पण कुणाचा असा पंप बदललाय का? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?

दुसरं, सासूबाई दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये मारतात. एक पफ, पाच-सहा श्वास, मग पंप हलवून दुसरा, हे सांगून दमले. शिवाय धुतलेला स्पेसर पंच्याने खसाखसा पुसतात. पुसला की औषध आतल्या भिंतींनाच चिकटतं, तो तसाच वाळू द्यायचा असतो. घरच्यांना तुम्ही हे कसं पटवलंत?