कॅथलिक मतदार : आधी पक्ष ठरतो, मग श्रद्धेतून दाखले शोधतो?

पायवाट :
मतदान जवळ आलं की मिस्सा (रविवारची उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात तोच प्रश्न कानावर पडतो, "यंदा आपल्या लोकांनी कुणाला द्यायचं?" मला त्यातला 'आपल्या लोकांनी' हा भागच खटकतो.

चर्चची शिकवण कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मावत नाही. गर्भातल्या जिवाचं रक्षण, परागंदा झालेल्याला आसरा, घर चालेल एवढी मजुरी, फाशीला विरोध हे सगळं एकाच मुळातून आलेलं आहे. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांचा संघटना करण्याचा हक्क मान्य केला आणि त्याच परिपत्रकात खासगी मालमत्तेचा हक्कही उचलून धरला. एवढ्यानेच डावे आणि उजवे दोघेही अर्धे नाराज होतात. पक्ष यातलं आपल्या सोयीचं उचलतात. पक्षांचं ते कामच आहे, पण आपण तरी वेगळं काय करतो? गर्भपातावर पोटतिडकीने बोलणारा माणूस स्थलांतरितांचा विषय निघाला की "तो धोरणाचा प्रश्न आहे" म्हणतो. स्थलांतरितांसाठी जीव तुटणारा गर्भपाताला "ज्याची त्याची बाब" म्हणून मोकळा होतो. दोघांनीही आधी पक्ष धरलेला असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये सांगून ठेवलं आहे की ऐहिक प्रश्नांवर श्रद्धावंतांमध्ये प्रामाणिक मतभेद होतील, तेव्हा आपल्या मतामागे चर्चचा अधिकार कुणी एकट्याने उभा करू नये. माझं म्हणणं एवढंच, की मत कुणालाही द्या, पण ज्याला दिलं त्याच्या चुकांवर सगळ्यात आधी तुम्ही बोला.

ठामपणे :
साफ असहमत. सगळे मुद्दे एका तागडीत टाकले की तोल आपोआप सोयीच्या बाजूला झुकतो. मजुरी किती असावी, सीमेवर नियम कोणते असावेत, यावर दोन चांगले कॅथलिक भांडू शकतात. निष्पाप जीव मारावा का, यावर नाही. कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी २००४ मध्ये अमेरिकन बिशपांसाठी लिहिलेल्या टिपणात हे स्पष्ट आहे : युद्ध किंवा फाशी यांबाबत मतभेदाला जागा असू शकते, गर्भपात आणि दयामरण यांबाबत नाही. तुमच्या मांडणीत हा उतरता क्रमच नाहीसा होतो.

पायवाट :
क्रम मला मान्य आहे. पण ते टिपण शेवटपर्यंत वाचा. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे *म्हणून* त्याला मत देणं हा पापातला सहभाग. त्याची ती भूमिका न पटता दुसऱ्या कारणांसाठी मत दिलं, आणि ती कारणं तेवढ्याच तोलामोलाची असली, तर तसं मत देता येतं, असंही तिथेच म्हटलं आहे. आणि फाशीचं म्हणाल, तर २०१८ मध्ये चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला तो परिच्छेद बदलून फाशी अस्वीकार्य ठरवली गेली.

ठामपणे :
'तेवढ्याच तोलामोलाची' हे शब्द तुम्ही फार सहज उच्चारता. जन्माआधीच संपलेल्या जिवांच्या तोलाचं कारण कोणतं, ते एकदा सांगा. मी हे हट्टाने विचारत नाही, मला खरंच सापडलेलं नाही.

उंबरठा :
मी कॅथलिक नाही, पण वाचतोय. मला भीती वेगळी वाटते. १९४८ च्या इटलीतल्या निवडणुकीत कम्युनिस्टांविरुद्ध घोषणा होती, "मतदानाच्या आडोशात देव तुम्हाला पाहतो, स्टालिन पाहत नाही." पुढच्या वर्षी रोमने फर्मान काढलं की जो कम्युनिस्ट पक्षात जाईल त्याला चर्चचे संस्कार, म्हणजे कोम्युनियनसारखे (मिस्सेत पवित्र भाकर घेणं) विधी, मिळणार नाहीत. ज्या देशात गुप्त मतदान आहे तिथे कुणाच्या कोम्युनियनला मताशी बांधणं मला भयंकर वाटतं. धर्मगुरूंनी यात पडूच नये.

पायवाट :
उंबरठा, भीती रास्त आहे. याच इटलीत त्याआधी उलटंही झालं होतं. पोपचं राज्य हातचं जात होतं तेव्हा, १८६८ मध्ये, कॅथलिकांनी राष्ट्रीय निवडणुकीत भाग घेणं उचित नाही असं रोमने कळवलं. ती बंदी पूर्ण उठायला १९१९ उजाडलं. म्हणजे एकदा मत देऊ नका, एकदा यांनाच द्या. १९१९ मध्ये डॉन लुइजी स्टुर्झो या सिसिलीच्या पाद्रीने पक्ष काढला, तो मुद्दाम चर्चपासून वेगळा ठेवला. मुसोलिनीला विरोध केला म्हणून १९२४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि व्हॅटिकनने त्यांना पाठबळ दिलं नाही. १९२९ मध्ये व्हॅटिकनचा मुसोलिनीशीच करार झाला. संस्थेचं हित आणि श्रद्धेची शिकवण या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मला या माणसाकडे पाहून कळलं. धर्मगुरूंनी पक्षात सक्रिय होऊ नये असा सर्वसाधारण नियम चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही आहे. पण त्यांनी गरिबांबद्दल, जिवाबद्दलही बोलू नये म्हणाल, तर तिथे माझा तुम्हाला विरोध आहे.

मेणबत्ती :
ठामपणे, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सिद्धान्त नाही, एक प्रसंग आहे. मी अडचणीतल्या गरोदर मुलींसोबत काम करते. एकदा एक मुलगी आली, पाचवा महिना. पिशवीतून तिने दोन कागद काढले, एक सोनोग्राफीचा आणि एक कामावरून कमी केल्याचा. दोन्ही एकाच घडीत ठेवलेले. तिला मूल हवं होतं. मला विचारत होती ते एवढंच, की सहा महिने भाडं कोण भरेल. तिला कायद्याने अडवणाऱ्या पक्षाने प्रसूतीच्या पगारी रजेला विरोध केला होता. तिच्या भाड्याबद्दल बोलणाऱ्या पक्षाला पोटातल्या जिवाबद्दल बोलायला शब्दच नव्हते. त्या वर्षी मत देताना माझा हात थरथरला. मी कुणाला दिलं ते सांगणार नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्या आमच्या प्रतिनिधीला पगारी रजेबद्दलही लिहिलं आणि गर्भातल्या बाळाबद्दलही. उत्तर आलं नाही. मी परत लिहिलं.

किनारा :
एवढा त्रास होतो तर मत न दिलेलं बरं नाही का?

मेणबत्ती :
धर्मशिक्षणाच्या ग्रंथात कर भरणं आणि मताधिकार बजावणं एकाच वाक्यात नैतिक कर्तव्य म्हणून आलंय. २०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिसना अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल विचारलं. स्थलांतरितांना हाकलणारे आणि बाळांना मारणारे, दोन्ही जिवाच्या विरोधात, असं ते म्हणाले. तरीही मत द्या, कमी वाईट निवडा, आणि कमी वाईट कोण ते ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवा, असंही म्हणाले.

ठामपणे :
मेणबत्तीताई, क्रमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, मी गर्भातल्या बाळापासूनच सुरुवात करणार. पण मी ज्या पक्षाला सतत मत देत आलो, त्याला पगारी रजेबद्दल आजवर एकदाही जाब विचारलेला नाही. तुमच्या पत्रात रजेबद्दल नेमकं काय लिहिलं होतं, ते इथे टाकाल का?