मदत हवी आहे: मुलांना चिनी भाषेतून टेबल टेनिस शिकवतेय, पण रॅली सुरू झाली की चिनी बंद

नमस्कार मंडळी,

मुलुंडला आमच्या सोसायटीत मी सात ते दहा वर्षांच्या मुलांना मँडरिन चिनी शिकवते. वही-पेन्सिल घेऊन बसलं की मुलं लगेच कंटाळायची, म्हणून वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये टीटीच्या टेबलाभोवती घ्यायला लागले. आता भाषेसाठी आलेली मुलं खेळात रमली आहेत. त्यांना दोन्ही गोष्टी नीट मिळाव्यात असं मनापासून वाटतं. भाषा मला येते, पण मी कोच नाही, म्हणून हा धागा.

जे जमतंय ते आधी सांगते. गेम ११ गुणांचा असतो (२००१ च्या आधी २१ चा होता), त्यामुळे शून्य ते अकरा हे आकडे प्रत्येक गेममध्ये आपोआप घोटले जातात. स्कोअर सांगताना मध्ये 'पी' येतो, म्हणजे तीन-दोन झाले की 'सान पी अर'. सर्व्हिस करणाऱ्याने स्वतःचे गुण आधी सांगायचे आणि दर दोन गुणांनी सर्व्हिस बदलायची, त्यामुळे लाजाळू मुलांनाही तोंड उघडावंच लागतं.

उच्चारांसाठी रोमन लिपी मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. आठचा आकडा रोमनमध्ये 'बा' असा दिसतो आणि इंग्रजी माध्यमातली मुलं तसाच वाचतात, खरा उच्चार मात्र 'पा'च्या जवळचा. प-फ, त-थ, क-ख हे फरक आपल्या मुलांच्या कानात आधीच बसलेले असतात. चाकातला च आणि चहातला च हे दोन्हीही चिनीत लागतात: 'डावीकडे'साठी 'च्वो' म्हणताना चाकातला, नऊसाठी 'च्यो' म्हणताना चहातला. मराठी घरातल्या मुलांना हे पटकन जमतं, त्याचा फायदा का घेऊ नये?

अक्षरांमध्ये सगळ्यांना आवडलं ते पिंगपाँगचं चित्र. 'सैनिक' या अक्षराला खाली दोन पाय असतात. त्यातला उजवा काढला की 'पिंग' आणि डावा काढला की 'पाँग'. ही दोन अक्षरं मुलांनी खडूने टेबलाच्या दोन बाजूंना जमिनीवर काढली आहेत.

आता अडचण. हातात बॅट, पण बॉल नाही, असा शॅडो सराव छान होतो. मी 'चंगशो' म्हटलं की फोरहँड, 'फानशो' म्हटलं की बॅकहँड. पण खरा बॉल आला की पापणी लवायच्या आत परत मारायचा असतो, आणि तिथे चिनी शब्द कोणालाच सुचत नाही. आग्रह धरला तर मूल शब्द आठवायला थांबतं आणि बॉल निघून जातो. नाही धरला तर भाषा फक्त स्कोअरपुरती उरते.

म्हणून कोच मंडळींना विचारते: मल्टीबॉल (एकामागून एक बॉल टाकत राहायचा सराव) देताना प्रत्येक बॉलच्या आधी मी शब्द उच्चारला तर चालेल का, की या वयात त्याने नजर बॉलवरून उडते? मला तीच भीती वाटते, कारण काही मुलं शब्द ऐकताना माझ्या तोंडाकडे बघतात. शिवाय टेबलाची उंची ७६ सेंटिमीटर, लहानग्यांचं कोपर तिथवर नीट पोचत नाही. पायाखाली फळी द्यावी, की काही दिवस भिंतीवरच खेळवावं?

चिनी येणाऱ्यांसाठी प्रश्न सुरांचा, कारण चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो. चार म्हणजे 'स', सूर वरून खाली. दहा म्हणजे 'श', सूर खालून वर. शांतपणे म्हणताना बरोबर येतं. ९-९ झाले की सगळे आकडे एकाच सुरात ओरडले जातात. तुम्ही मुलांकडून सूर कसे पक्के करून घेतले?

काही पालक 'चिनीच कशाला?' असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगते की १९५२ ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली, तेव्हा चीन त्यात उतरलाही नव्हता. १९५९ मध्ये त्यांचा पहिला विश्वविजेता झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टीटीची पाचही सुवर्णपदकं त्यांनी नेली. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांची भाषा आली तर त्यांचे सराव, त्यांची कॉमेंट्री थेट समजेल. आणि हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुतीर्था आणि अयहिका मुखर्जी यांनी चीनच्या विश्वविजेत्या जोडीला हरवलं, तेही मुलांना आवर्जून सांगते.

त्या सामन्याची चिनी कॉमेंट्री असलेली क्लिप कोणाकडे असेल तर हवी आहे. आणि मध्य रेल्वेवर राहणारं, मँडरिन बोलणारं आणि टीटी खेळणारं कोणी असेल तर जरूर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी सकाळी हॉल आमच्याकडेच असतो.