राजाचे डोके नाण्यावरून गेले, मग लष्कर कसे आले?

केपेकर (प्रश्न)

नमस्कार. आईच्या माहेरचे जुने घर आवरताना एका पत्र्याच्या डब्यात मला तीन नाणी सापडली. पहिले १८८२ चा चांदीचा रुपया आहे आणि त्यावर पोर्तुगालच्या दों लुईश राजाचे डोके आहे. दुसरा रुपया १९१२ चा असून त्यावर राजाच्या जागी प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे डोके कोरलेले आहे. तिसरे नाणे १९५९ चे एक एश्कुद (रुपयानंतरचे पोर्तुगीज चलन) आहे आणि त्यावर कोणाचेच डोके नाही. शाळेत आम्हाला पोर्तुगीजांनी गोवा घेतला ते १५१० शिकवले आणि एकदम गोवा मुक्त झाला ते १९६१ शिकवले. मधल्या साडेचारशे वर्षांत लिस्बनच्या गादीवर कोण बसले आणि कोण उठले, याची चौकशी आम्ही कधी केली नाही.

आता थोडे वाचल्यावर एक गोष्ट कळेनाशी झाली आहे. पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही संपली आणि २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. मधल्या सोळा वर्षांत पंचेचाळीसच्या आसपास मंत्रिमंडळे झाली. राजा होता तोवर लष्कर आवरून धरलेले होते आणि राजा गेल्यावर ते बेलगाम झाले, असा निष्कर्ष काढावा का? तसे म्हणावे तर थायलंडमध्ये राजाही आहे आणि लष्करी बंडेही पुन्हा पुन्हा होतात. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

निवृत्त शिक्षक, फोंडा

केपेकर, आपण राजा आणि लष्कर अशा दोनच सोंगट्या मांडल्या आहेत. तिसरी सोंगटी पक्षांची आहे आणि डाव तिच्यामुळेच फिरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालमध्ये रिजेनेरादोर आणि प्रोग्रेसिश्त हे दोन पक्ष पाळीपाळीने राज्य करीत. आपण समजतो त्या अर्थाने निवडणूक सरकार ठरवत नसे. राजा आधी सरकार नेमी आणि मग ते सरकार स्थानिक मातब्बरांना हाताशी धरून निवडणूक जिंकून घेई. ही व्यवस्था दोन्ही पक्षांना सोयीची होती. गैरसोय फक्त तिसऱ्याची, म्हणजे प्रजासत्ताकवाद्यांची होती. जानेवारी १८९० मध्ये इंग्रजांनी अंगोला आणि मोझांबिक यांमधल्या प्रदेशातून पोर्तुगीज सैन्य मागे घेण्याचा निर्वाणीचा खलिता धाडला आणि दों कार्लुशच्या सरकारने मान तुकवली, तेव्हा या तिसऱ्याला आयता मुद्दा मिळाला. राजा देशाची अब्रू राखू शकत नाही, असे चौकाचौकांत बोलले जाऊ लागले.

त्यानंतर दोन्ही जुने पक्ष आतून फुटले. कार्लुशने जुआंव फ्रांकु या फुटलेल्या पुढाऱ्याला हाताशी धरले, मे १९०७ मध्ये संसद बरखास्त केली आणि नव्या निवडणुका न घेता हुकूमनाम्यांवर कारभार चालू दिला. माझ्या मते राजेशाही त्याच दिवशी बुडाली, कारण राजा पंचाच्या जागेवरून उठून एका गटाच्या बाकावर जाऊन बसला. पुढे १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनच्या तेरैरु दु पासु चौकात उघड्या बग्गीत कार्लुश आणि युवराज लुईश फिलीप यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि अठरा वर्षांचा मानुएल गादीवर आला.

आता १९१० च्या ऑक्टोबरमधले ते दोन दिवस जवळून पाहण्यासारखे आहेत. बंड ठरल्याप्रमाणे झालेच नाही. बंडाचा नौदलातला म्होरक्या कांदिदु दुश रैश याने सगळे फसले असे समजून स्वतःला संपवले. मशादु सांतुश नावाचा नौदलातला हिशेबनीस दर्जाचा अधिकारी थोडे शिपाई आणि सामान्य नागरिक घेऊन रोतुंदाच्या चौकात ठाण मांडून बसला. बंदरातल्या बंडखोर जहाजांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि राजा माफ्राला निघून गेला. पाच तारखेच्या सकाळी परदेशी नागरिकांना शहराबाहेर काढता यावे म्हणून एक जर्मन राजनैतिक प्रतिनिधी पांढरे निशाण घेऊन रस्त्यावर आला. लोकांना ती राजपक्षाची शरणागती वाटली, गर्दी रस्त्यावर लोटली आणि रोसियु चौकातले राजाचे सैनिक तिच्यात मिसळून गेले. लष्कराने राजाला पाडले असे म्हणण्यापेक्षा राजासाठी मरायला कोणी पुढे आले नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

प्रजासत्ताकाने तीच चूक दुसऱ्या रूपात केली. १९११ च्या संविधानाने अध्यक्षाला संसद बरखास्त करण्याचा अधिकारच दिला नव्हता, आणि आफोंसु कोश्ताचा डेमोक्रॅटिक पक्ष जवळजवळ प्रत्येक निवडणूक जिंकत होता. ज्या गटाला मतपेटीतून सत्ता मिळण्याची आशा नाही, तो गट छावणीच्या फाटकावर जाऊन कडी वाजवतो. डिसेंबर १९१७ मध्ये सिदोनियु पाइशने बंड करून सत्ता घेतली आणि वर्षभरात रोसियु स्थानकावर त्याचा खून झाला. जानेवारी १९१९ मध्ये राजनिष्ठ अधिकाऱ्यांनी पोर्तु शहरात राजेशाहीची द्वाही फिरवली. ती एक महिनाही टिकली नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये एकाच रात्रीत पंतप्रधान आंतोनियु ग्रांझु आणि स्वतः मशादु सांतुश मारले गेले. १९२६ मध्ये ब्रागा शहराहून जनरल गोमिश द कोश्ता फौज घेऊन निघाला, तेव्हा राजनिष्ठांपासून नाराज प्रजासत्ताकवाद्यांपर्यंत सर्वांनाच तो आपला माणूस वाटला. गंमत अशी की त्या वेळी सरकारची सूत्रे ज्याच्याकडे प्रथम सोपवली गेली, तो मेंदिश काबेसादश १९१० मध्ये आदामाश्तोर या बंडखोर जहाजावरच्या उठावाचा म्होरक्या होता. त्याला गोमिश द कोश्ताने काढले, आणि काही आठवड्यांतच गोमिश द कोश्ताला दूर सारून जनरल कार्मोना आला. खजिना कोणालाच सांभाळता येईना, म्हणून १९२८ मध्ये कोइंब्राहून एका प्राध्यापकाला अर्थमंत्री म्हणून आणले गेले. त्याचे नाव सालाझार, पोर्तुगालचा पुढचा हुकूमशहा.

डिचोलीकर

गुरुजींचे विवेचन पटते, पण त्यात गोवा प्रेक्षकाच्या जागी बसला आहे, ते पटत नाही. हे खेळ आपल्या अंगणातही झालेले आहेत.

पोर्तुगालमध्ये दों पेद्रु आणि दों मिगेल या दोन भावांच्या पक्षांत यादवी झाली. १८३४ मध्ये पेद्रुचा उदारमतवादी पक्ष जिंकला आणि त्याने नेवऱ्याच्या बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह या गोमंतकीयाला इथला मुख्य कारभारी नेमले. साडेचारशे वर्षांच्या फिरंगी अमलात या पदावर आलेला हा एकमेव भूमिपुत्र. १४ जानेवारी १८३५ रोजी त्याने सूत्रे हाती घेतली आणि १ फेब्रुवारीला लष्कराने त्याला पदच्युत केले. इथल्या गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या अधिकाऱ्यांना नेटिवाचा हुकूम मानायचा नव्हता, आणि त्याने हाती घेतलेल्या सुधारणांनी त्यांच्या पोटावरही पाय येत होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गाश्पार दियाश किल्ल्यातल्या शिबंदीची कत्तल झाली. आज मिरामारला संध्याकाळी भेळ खायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते की तो किल्ला तिथेच होता?

पेरिश द सिल्व्ह मुंबईला गेला आणि दमण व दीव त्याच्याशी निष्ठावंत राहिले. म्हणजे लिस्बनच्या गादीवरची राणी (पेद्रुची मुलगी मारिया) एकच, तिचे नाव घेणारी सरकारे दोन. लष्करही राणीच्याच नावाने बंड करत होते, हे विशेष.

दुसरा प्रसंग १८९५ चा. मोझांबिकमधल्या लढाईसाठी इथल्या मराठा शिपायांना जहाजावर चढण्याचा हुकूम झाला. समुद्र ओलांडण्याची अडचण होती आणि मागे राहिलेल्या कुटुंबांच्या पोटाचीही चिंता होती. शिपाई बिथरले, सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि दादा राणे त्यांना सामील झाले. ते बंड मोडण्यासाठी लिस्बनने जी फौज पाठवली, तिच्याबरोबर राजाचा सख्खा भाऊ दों आफोंसु आला होता. राजघराणे आणि लष्कर एकत्र पाहायचे असेल तर केपेकरांनी लिस्बनपर्यंत जायला नको, वाळपईपर्यंत गेले तरी पुरे.

आणि राजा गेला याचे दुःख इथल्या हिंदूंनी केले नाही, हेही नोंदवायला हवे. प्रजासत्ताकाने १९११ मध्ये धर्मसंस्था आणि राज्यसंस्था वेगळ्या केल्या, तेव्हा सरकारी नोकरीची दारे आमच्या आजोबा-पणजोबांना खऱ्या अर्थाने उघडली. पुढे १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने पुन्हा दुय्यम दर्जा माथी मारला, आणि त्या वेळी विधिमंडळात मेनेझिस ब्रागांझ यांनी त्याविरुद्ध ठराव मांडला.

पेडणेकर

सातारचे छत्रपती, पुण्याचे पेशवे आणि शिंदे-होळकर यांचेही हेच नव्हते का? ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा मोड केला, आणि बाजीराव वसईला जाऊन इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. फौज सरदाराची असली की ती राजाची राहत नाही.

तारवटी, वास्को

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण थायलंडचा विषय निघाला म्हणून लिहितो. २२ मे २०१४ रोजी आमचे जहाज लाएम चाबांग बंदरात होते. संध्याकाळी खलाशांच्या क्लबातल्या टीव्हीवर एकाएकी सगळ्या वाहिन्या बंद झाल्या आणि लष्कराचे बोधचिन्ह व त्यामागे देशभक्तीची गाणी सुरू झाली. रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी लागली. क्लबातली म्हातारी बाई शांतपणे खुर्च्या आत घेत होती. तिने अशी बंडे किती पाहिली असतील, याचा मी मनात हिशेब करत बसलो.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत आलो. तिथे २४ जून १९३२ रोजी अधिकारी आणि मुलकी शिकलेल्या लोकांच्या एका गटाने राजाची निरंकुश सत्ता संपवली, आणि १९३५ मध्ये राजा सातवा राम याने गादी सोडली. पुढे त्याच गटातले प्रीदी आणि फिबून एकमेकांचे वैरी झाले. १९५७ मध्ये बंड करून सत्तेवर आलेल्या लष्करप्रमुख सरितने मात्र हिशेब उलटा मांडला. त्याच्याजवळ ना निवडणूक होती ना क्रांतीचा वारसा, म्हणून त्याने मागे पडलेल्या राजसंस्थेला पुन्हा पुढे आणले. राजाला वलय मिळाले आणि बंडाला राजमान्यता. तिथे राजा आणि लष्कर एकमेकांना टेकून उभे आहेत, म्हणून केपेकरांचे गणित तिथे चुकते.

मे १९९२ मध्ये रस्त्यावर माणसे मारली गेल्यावर राजा भूमिबोलने पंतप्रधान सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग या दोघांनाही समोर बोलावले. ते दोघे त्याच्यापुढे जमिनीवर बसलेले साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिले. पण २००६ मध्ये पंतप्रधान थाक्सिनविरुद्ध निघालेल्या रणगाड्यांवर राजाच्या रंगाच्या पिवळ्या फिती होत्या, आणि थाक्सिनच्या बाजूच्या लाल शर्टवाल्या निम्म्या देशाला वाटले की पंच आता एका संघाकडून खेळतो आहे. २०१७ च्या संविधानाने लष्कराने निवडलेल्या २५० सिनेटरांना २०२४ पर्यंत पंतप्रधानाच्या निवडीत मत दिले. म्हणून २०२३ मध्ये १५१ जागा जिंकून पहिल्या आलेल्या पक्षाचा नेता पंतप्रधान होऊ शकला नाही. तेव्हा बंड करण्याची गरजच उरली नव्हती. ते आधीच कलमांत लिहून ठेवले होते.

केपेकर

सर्वांचे आभार. डिचोलीकरांचा १८३५ चा प्रसंग मला मुळीच माहीत नव्हता. एकच शंका राहते. १९२६ च्या बंडात राजनिष्ठ मंडळी सामील होती, तर सालाझारने राजाला परत का आणले नाही? स्पेनमध्ये फ्रँकोने आणलाच की.

निवृत्त शिक्षक, फोंडा

कारण त्याला राजाची आशा हवी होती, राजा नको होता. राजनिष्ठांचेच दोन तट होते: एक मानुएलचा, दुसरा त्या जुन्या मिगेलच्या वंशाचा. मानुएल १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा सालाझारने त्याचे शव लिस्बनला आणून इतमामाने अंत्यविधी केला. १९५० मध्ये ब्रागांसा या राजघराण्यावरची हद्दपारी उठवली. १९५१ मध्ये अध्यक्ष कार्मोना वारल्यावर राजनिष्ठांना वाटले की आता वेळ आली. पण गादी रिकामी राहिली आणि अध्यक्षपदी पुन्हा एक जनरल बसला. राजनिष्ठ आशेवर, प्रजासत्ताकवादी भीतीवर आणि जनरल मानावर, असे तिघांनाही त्याने चाळीसेक वर्षे दावणीला बांधून ठेवले.

स्पेनची तुलना पुरती लागू होत नाही. तिथे राजा परत आला तो हुकूमशहाच्या मर्जीने, पण टिकला तो २३ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री, कारण संसदेत बंदुका घेऊन घुसलेल्यांच्या बाजूने न जाता तो गणवेश घालून टीव्हीवर आला आणि संविधानाच्या बाजूने बोलला. ग्रीसच्या राजाने १९६७ मध्ये कर्नलांच्या सरकारला शपथ दिली, आठ महिन्यांनी त्यांच्याविरुद्ध फसलेले बंड केले आणि १९७४ च्या सार्वमतात गादी गमावली.

सालाझारची दावण शेवटी सुटली ती लष्कराच्याच हातून, आणि त्यात गोव्याचा वाटा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम लिस्बनहून आला होता. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्ह याने तो पाळला नाही आणि शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक सैनिक इथे कैदेत राहिले. मे १९६२ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांना सत्काराऐवजी संशय मिळाला आणि व्हासालुला पुढे सैन्यातून काढून टाकण्यात आले. राजकारणी हरणार आणि दोष आपल्या माथी येणार, हा धडा आफ्रिकेत तीन आघाड्यांवर लढणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी गिरवून घेतला. १९७३ मध्ये सक्तीच्या सेवेतून आलेल्या अधिकाऱ्यांना झटपट बढती देणारा हुकूम निघाला आणि कॅप्टनांच्या गुप्त बैठका सुरू झाल्या. गाऱ्हाणे ज्येष्ठतेच्या यादीचे होते. पण २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे त्यातूनच अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारात मान्य केले.

व्हासालुला त्यानंतर सैन्यातला दर्जा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्यात पुन्हा येऊन गेला, तेव्हा इथल्या लोकांनी त्याचे स्वागतच केले.